किराणा ॲपचे जुने गिऱ्हाईक असाल तर एकदा दुसऱ्याच्या फोनवर भाव बघा

ऐरोली-ठाण्यात ज्यांच्या घरी महिन्याचा किराणा ॲपवरून येतो त्यांनी वाचाच. ॲपचं नाव घेत नाही. तर मी तिथून दर महिन्याला एक लिटर तूप मागवते, एमआरपी ६७५, मला ६१२ ला पडतं. परवा घणसोलीची जाऊबाई आलेली, तिने तेच ॲप नवीनच घेतलंय, सहज बघितलं तर म्हणते, "ताई, मला तर ५४९ च दाखवतंय!" पत्ता माझाच टाकला, कंपनी तीच, बरणी तीच. मला वाटलं पहिल्या ऑर्डरचं कूपन असेल, तर नाही, कूपन लावायच्या आधीचाच भाव तो. मग दोघी बसलो फोन शेजारी ठेवून. तूप, डायपर, कपड्यांची पावडर, म्हणजे मी न चुकता घेते ते सगळं मला महाग, आणि जे मी कधीच घेत नाही ते दोघींना सेम!! त्यांना माहितीये ना ही बाई कुठे जात नाही.

कस्टमर केअरवाला म्हणे, "मॅडम, एमआरपीच्या वर घेतलंय का?" मेख इथेच आहे. एमआरपीच्या वर विकता येत नाही, पण खाली कोणाला किती सूट द्यायची ही त्यांची मर्जी, आणि आपल्याला वर हिरव्या अक्षरात 'तुमची बचत' दिसते म्हणून आपण खूश.

लोकेशनचं पण तसंच. अमेरिकेत टार्गेट नावाच्या दुकानाच्या ॲपवर २०१९ मध्ये एका टीव्ही चॅनेलने बघितलं, तर दुकानापासून लांब असताना ४९९ डॉलरचा टीव्ही दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरल्यावर ५९९ चा झाला, कारण दारापर्यंत आलेला माणूस घेणारच. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात टार्गेटला ५० लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडला वेगळं भाडं दाखवतात म्हणून ओला-उबरला सरकारी नोटीस गेलेली, त्यांनी नाही म्हटलं ते सोडा.

लोकेशनची परवानगी 'नेहमी' वर असेल तर आधी काढा. नेहमीची वस्तू घेताना घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर भाव बघून त्या फोनवरूनच मागवा. तफावत दिसली तर दोन्ही स्क्रीनचे फोटो लगेच, वेळ दिसेल असे, कारण नंतर भाव बदलतो, आमचा संध्याकाळी बदललाच. १९१५ या सरकारी ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीये, तक्रारीचा नंबर मिळालाय, पुढचं अजून काही नाही.