तांबं की ॲल्युमिनियम?
वीज वाहण्यात तांबं सरस, यात वाद नाही. ॲल्युमिनियमची वाहकता त्याच्या सुमारे ६१ टक्केच. पण खांबावरच्या तारेला स्वतःचं वजनही पेलावं लागतं. तेवढाच रोध हवा तर ॲल्युमिनियमची तार जाड घ्यावी लागते, तरी ती तांब्याच्या निम्म्या वजनाची भरते आणि स्वस्तही पडते. म्हणून उघड्या लाइनवर पोलादी गाभ्याची ॲल्युमिनियम तार. (तांब्याची असती तर चोरांनी ठेवली असती का?)

ॲल्युमिनियमची खरी खोड जोडात आहे. पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतो, स्क्रूखाली धातू हळूहळू दबत जातो, जोड सैल होऊन तापतो. तांब्याला थेट जोडलं तर ओलाव्यात गंजतंही. तिथे बायमेटॅलिक लग (एका टोकाला तांबं, दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियम असलेला जोडतुकडा) हवाच. घरातल्या वायरिंगला मी तांबंच सांगेन.