एमएस्सीचा प्रोजेक्ट: डिपार्टमेंटमध्येच की बाहेरच्या लॅबमध्ये?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात एमएस्सीच्या ८८ क्रेडिटपैकी १० संशोधन प्रकल्पाला आहेत: तिसऱ्या सत्रात ४, चौथ्यात ६. म्हणजे सीनिअरची फाईल समोर ठेवून शेवटच्या महिन्यात उरकण्याचे दिवस गेले. जागा नीट निवडावी लागते.

डिपार्टमेंटचा मोठा फायदा म्हणजे लॅब हाकेच्या अंतरावर. केमिस्ट्रीवाल्यांना हे लगेच कळेल. सकाळी रिॲक्शन लावायची, लेक्चरला बसायचं, मधल्या सुट्टीत धावत येऊन टीएलसी (रिॲक्शन कुठवर आली ते दाखवणारी झटपट चाचणी) मारायची, स्पॉट सरकलाय का बघायचं आणि पुन्हा वर्गात. बाहेर हे जमत नाही. अडचण सामानाची. सॉल्व्हंट संपला की कोटेशन, सही, मंजुरी, मग सप्लायर. तोवर तुम्ही रिव्ह्यू लिहीत बसा. एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) हवा असेल तर पवईला आयआयटीच्या ‘सैफ’ या बाहेरच्यांनाही खुल्या यंत्र-केंद्रात पैसे भरून सॅम्पल द्यायचं. चारच सॅम्पलची ऐपत असली की कुठली चार, याचा विचार मात्र माणूस फार बारकाईने करतो!

बाहेर म्हणजे मोठ्या संशोधन संस्था: कुलाब्याची टीआयएफआर, ट्रॉम्बेचं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), खारघरचं कॅन्सर संशोधनाचं ॲक्ट्रेक वगैरे. यंत्रं दाराशी; टीआयएफआरमध्ये तर हाय-फील्ड एनएमआरची राष्ट्रीय सुविधाच आहे. दर आठवड्याची ग्रुप मीटिंग पहिला महिना डोक्यावरून जाते, मग हळूहळू उमजते. पण गेटपास आणि पडताळणीत दिवस जातात, डिपार्टमेंटमधला को-गाईड वेगळा शोधावा लागतो, आणि डोंबिवलीकराने मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमधलं लेक्चर संपवून टीआयएफआरसाठी नेव्ही नगर गाठायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. एका बाजूचा प्रवास दीड तासाच्या वर जात असेल तर माझं मत सरळ आहे: डिपार्टमेंटमध्येच करा.

मी बाहेर केला. संस्था मोठी, नाव घेत नाही. गाईड सर दोन महिने परदेशात होते. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये आमची नीट भेट चारदा झाली. पिपेट कसा धरायचा इथपासून ग्राफचे एरर बार का काढायचे इथपर्यंत सगळं शिकवलं ते शेजारच्या टेबलावरच्या, फेलोशिपवर पीएचडी करणाऱ्या जेआरएफ ताईने. म्हणून लॅब ठरवण्याआधी एकदा जाऊन या आणि गाईडपेक्षा तुमच्या शेजारच्या टेबलावर कोण बसतं ते बघा. ती व्यक्ती स्वतःच थिसिस लिहायला बसली असेल तर तुम्हाला वेळ देणार नाही. ‘सर आठवड्यातून किती वेळा लॅबमध्ये येतात?’ हेही तिलाच विचारा, सरांना नको.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्या: डेटा तुमच्या रिपोर्टमध्ये छापता येईल का? लॅबचा पेपर यायचा असेल तर ‘हा ग्राफ टाकू नकोस’ असं ऐनवेळी ऐकावं लागू शकतं, आणि व्हायव्हाला एक्स्टर्नल नेमकं तेच विचारतात.

फार्मात क्यूसीला (औषधांचा दर्जा तपासायच्या कामाला) जायचं असेल तर डिपार्टमेंटमध्ये एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) हात बसवून घ्या, बाहेरच्या नावाने तिथे फारसा फरक पडत नाही. पीएचडी करायची असेल तर मात्र बाहेरची धावपळ सोसा. शिफारसपत्र लिहिणाऱ्याने तुम्हाला काम करताना पाहिलेलं असणं मोलाचं ठरतं.

बाहेर जायचं ठरलं तर मेल एप्रिलमध्येच टाका. एक पानाचा बायोडेटा, त्यांचा एखादा पेपर खरोखर वाचल्याचं दाखवणाऱ्या दोन ओळी, बस्स. माझ्या पाच मेलपैकी एकालाच उत्तर आलं होतं: ‘जुलैत येऊन भेट.’