अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे: सीलर मारावा की उतरवून टाकावेत?

छतावरचे सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे निघाले की दोनच वाटा उरतात. मी आधी सीलर (तंतू जागीच धरून ठेवणारा रंगासारखा लेप) मारला, पुढे पत्रेच उतरवले. तेव्हा दोन्हींबद्दल थोडं.

सीलरची बाजू लंगडी नाही. या पत्र्यांत तंतू साधारण 10 ते 15 टक्के, तेही सिमेंटमध्ये घट्ट धरलेले. पत्रा शाबूत असेल तर त्याखाली राहिल्याने फारसं बिघडत नाही. तंतू हवेत उडून श्वासात गेले की धोका. उतरवताना हयगय झाली, तर एरवी उडाली नसती इतकी धूळ एका दुपारी उडते. सीलरला खर्च कमी, घरही रिकामं करावं लागत नाही. फक्त आधी शेवाळ काढायला प्रेशर वॉशर लावू नये, वरचा थर सुटतो.

मला नडलं ते ड्रिल. सीलरनंतर पत्रे असे नवेकोरे दिसू लागले की वर चढणाऱ्याला शंकाच येईना. केबलवाला असो, गळती बघणारा असो, शिडी लावली की हातात ड्रिल. मी खालून धुळीच्या धोक्याचं तेच पुराण लावायचं आणि वरून ठरलेलं उत्तर, "साहेब, आयुष्यभर हेच कापतोय, काही झालं नाही." मेसोथेलिओमा, म्हणजे या तंतूंमुळे बहुतेकदा फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग, बहुधा 20 ते 50 वर्षांनी उघडकीस येतो, हे शिडीवरच्या माणसाला कसं पटवायचं? शिवाय रंगाखाली पत्रा तितकाच ठिसूळ. पाय पडला तर माणूस खालीच. मी घरी नसताना कोण काय करेल, हा घोर सीलरने वाढवलाच.

उतरवणंही सोपं नाही. माणसं प्रशिक्षित हवीत: पत्रे ओले करून, न फोडता अख्खे खाली घेणारी आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणारी. साध्या कापडी मास्कवर येणारी टोळी सरळ परत पाठवावी. नवे धातूचे पत्रे उन्हात तापतात, पावसात बोलू देत नाहीत, हेही खरं.

घर लवकरच पाडायचं असेल किंवा पत्रे ठणठणीत असून वर कुणाचं काम निघत नसेल, तर सीलर पुरावा. कडा भुसभुशीत झाल्या असतील तर मी पत्रे उतरवायला थांबणार नाही. सिगारेट ओढणाऱ्याने तर नाहीच. तंबाखू आणि हे तंतू मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढवतात. तरीही सीलरच ठरला, तर शिडी टेकते तिथे ठळक लिहून ठेवा: "अ‍ॅस्बेस्टॉस आहे, भोक पाडू नये."