६ व्होल्ट १ वॉटचं छोटं सोलर पॅनेल, दोन पावसाळे वापरून झाल्यावर

आमची टाकी तिसऱ्या मजल्याच्या वर टेरेसवर, तिथं लाईटचा पॉइंट नाही, आणि पाणी किती आहे बघायला आईला रोज जिना चढायला लागायचा, गुडघे दुखतात तिचे. म्हणून ईएसपी८२६६ (वाय-फायची छोटी चिप) आणि आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर लावून टाकीची लेव्हल मोबाईलवर आणायचं ठरवलं, आणि त्याला पॉवर द्यायला हे तळहाताएवढं पॅनेल इथं कोल्हापुरातच १५० रुपयांना घेतलं.

दुकानदार काका लई भारी माणूस. पॅनेल आणि मीटर घेऊन स्वतः रस्त्यावर उन्हात आले, म्हणाले "वर काय छापलंय ते सोड, आकडा बघ की." ६.८ व्होल्ट आले, शॉर्ट करंट (दोन्ही वायरी थेट जोडल्यावरचा) १४५ मिलिअँप. १ वॉट भागिले ६ म्हणजे १६७ यायला पाहिजेत, पण तो आकडा लॅबमधल्या उन्हाचा आणि २५ डिग्रीचा असतो. एप्रिलमध्ये दुपारी पॅनेल तापल्यावर तेच ६.८ चे ६.१ झाले, सिलिकॉनचा सेल तापला की व्होल्टेज उतरतंच.

सावलीचं मात्र नीट समजून घ्या. आत अर्ध्या-अर्ध्या व्होल्टचे १२ सेल एकामागं एक जोडलेले असतात, त्यातल्या एकाच पट्टीवर मी बोट ठेवलं तर करंट १४५ वरून २० च्या आसपास आला. आमच्याकडं दोरीवर वाळत घातलेली साडी रोज ११ वाजता पॅनेलवर सावली टाकायची आणि मी आठवडाभर सर्किटच तपासत बसलेलो.

चार्जिंगला टीपी४०५६ हे लिथियम सेल चार्ज करणारं मॉड्यूल आणि एक १८६५० सेल (परत चार्ज होणारा लिथियमचा) लावला. त्या मॉड्यूलवर चार्जिंगचा करंट ठरवणारा १.२ के (किलोओहम) चा रेझिस्टर असतो, तो १ अँप मागतो, या पॅनेलकडं तेवढा करंट आहे कुठं? तो काढून १० के चा टाकला की १३० मिलिअँपवर येतंय आणि पॅनेलचं व्होल्टेज खाली कोसळत नाही.

पहिल्या पावसाळ्यात मात्र गाडी अडकली. दर १५ मिनिटांनी १० सेकंद जागं व्हायचं म्हणजे दिवसाला २१ मिलिअँप-अवरच लागतात, पण नोडएमसीयू बोर्डवरचा (ईएसपी८२६६ ज्यावर बसवलेली येते तो) व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप झोपेतसुद्धा ६ मिलिअँप खात होती, म्हणजे दिवसाचे १४४ तिथंच गेले. आणि आपल्याकडचा जुलै म्हणजे काय सांगायचं, पंचगंगा पात्राबाहेर आली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, पॅनेल जेमतेम १० मिलिअँप देतंय, दिवसभरात ७० जमा झाले तरी नशीब. विसाव्या दिवशी सेल उतरला. यात पॅनेलची चूक नाही, उन्हाळ्यात टेस्ट करून पावसाळ्याचा हिशोब धरलेला तो माझा होता. मग बोर्डाशिवाय नुसतं ईएसपी-१२ मॉड्यूल (तीच चिप) आणि स्वतः फार कमी करंट खाणारा एचटी७८३३ रेग्युलेटर घेतला, सेन्सरची लाईन मॉस्फेटनं (इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद-चालू केली, आता दिवसाचा खर्च २५ च्या आत आहे आणि यंदाचा अख्खा पावसाळा एकदाही खाली उतरवायला लागलं नाही.

तक्रारी दोन. मागचे सोल्डरिंगचे पॅड लई नाजूक, सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकलं की तांब्याची पट्टी उचलून येते, माझं पहिलं पॅनेल असंच गेलं. वायर लावली की लगेच वरून सिलिकॉन भरा. दुसरं म्हणजे सेलवरचं इपॉक्सी (पारदर्शक प्लास्टिकसारखा थर), दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळट आणि धुरकट झालं, त्याच कडक उन्हात आता ११० च मिलिअँप येतात. शाळेच्या प्रदर्शनाला किंवा सहा महिन्यांच्या प्रयोगाला बिनधास्त घ्या, कायम टेरेसवर ठेवणार असाल तर काचेचं बघा, जड आणि महाग आहे पण काच पिवळी पडत नाही. तोंड दक्षिणेला करून थोडं तिरकं लावा, इथं १७ डिग्री पुरतात, धूळ पण पावसानं धुवून जाते.

५ पैकी ४ स्टार. एक स्टार इपॉक्सीचा कापला. आई आता खालीच मोबाईल बघून मोटार चालू करते.