जुन्या टाटा मोबाइल २०६ च्या उडालेल्या रंगावर अळशीचं तेल: नऊ महिन्यांनंतर

आमची २०६ म्हणजे १९९२ चं मॉडेल. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९८८ साली ही पिकअप काढली आणि याच सांगाड्यावर पुढे १९९१ मध्ये सिएरा आली. सिएराचे भक्त आज पैशाला पासरी भेटतात, २०६ ची आठवण मात्र भंगारवाल्यांनाच जास्त. अण्णांनी तिच्यातून वर्षानुवर्षं गुऱ्हाळावरचा गूळ कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नेला. आरसी बुकात रंग 'निळा' आहे. प्रत्यक्षात बॉनेट पिठुळ पांढरं, टप कुठे आकाशी तर कुठे तांबूस, आणि दोन्ही दरवाज्यांवर पिवळ्या अक्षरांत 'जोतिबा प्रसन्न', लाल सावलीसकट, हाताने काढलेलं.

डेंटिंग-पेंटिंगवाल्याने गाडी बघितली आणि म्हणाला, "सगळं खरवडू, लांबी (पुट्टी) भरू, नवा रंग मारू. अक्षरं स्टिकरची लावून देतो." स्टिकर म्हटल्यावर मी गाडी परत वळवली. मला नवी गाडी नको होती, आहे तो रंग आहे तिथे धरून ठेवायचा होता.

हार्डवेअरच्या दुकानात दारं-खिडक्यांसाठी 'डबल बॉइल्ड' अळशीचं तेल मिळतं, तेच आणलं. एक लिटरचा डबा आणला, तो निम्मासुद्धा संपला नाही. हे तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन त्याची पातळ साय धरते. त्या काळच्या साध्या रंगावर वरून पारदर्शक लॅकरचा थर नसायचा. उन्हाने रंगाची बांधणी सुटते आणि वर नुसती भुकटी उरते. ओल्या फडक्याने बॉनेट पुसलं की फडकं निळं होतं, ती हीच भुकटी. तेल तिच्यात मुरतं आणि रंग पुन्हा गडद दिसतो.

फेब्रुवारीत सुरुवात केली. आधी शाम्पूने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवली. गंजाचे सुटे पापुद्रे पितळी ब्रशने काढले, अक्षरांजवळ ब्रश नेलाच नाही. इथेच घोटाळा झाला. मदतीला आलेल्या पोराने टर्पेंटाइनच्या जागी रंगच विरघळवणाऱ्या एनसी थिनरची बाटली उचलली आणि फडक्याच्या एका फटक्यात डाव्या दरवाज्यावरच्या 'न्न'ची शेपटी गेली. तेव्हापासून थिनर फडताळात कुलपात.

तेल आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्मं, जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसल्यासारखं लावायचं. पंधरा-वीस मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने जेवढं निघेल तेवढं काढून टाकायचं. काढताना वाटतं, सगळंच काढलं, उरलं काय? तेवढंच उरायला हवं.

आणि ती फडकी! मी बोळा करून पत्र्याच्या डब्यात टाकली आणि जेवायला गेलो. तासाभराने वास आला म्हणून डबा उघडला, तर बोळा हाताला चांगलाच गरम. वाळताना तेल तापतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडते, अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

पहिल्या दिवशी बॉनेट बघून अण्णा काही बोलले नाहीत, नुसता हात फिरवला. निळा परत आला होता. नवा नव्हे, पण निळा. गंजाचे डाग चॉकलेटी दिसायला लागले आणि पिवळी अक्षरं चक्क उठली. मार्च ते मे मी भेटेल त्याला हे तेल सुचवत होतो.

मग जून आला. टपावर मी हौसेने जरा जाड हात मारला होता, तो दमट हवेत चिकट झाला आणि धूळ धरून बसला. गाडी चिंचेखाली उभी असते, त्यामुळे ऑगस्टपर्यंत सावलीच्या बाजूला बारीक काळे ठिपके आले. बुरशी. जवसाचं तेल, शेवटी तिलाही खाणंच ते. साबणाच्या पाण्याने निघाली, पण पंधरा दिवसांनी पुन्हा हजर.

डाव्या दरवाज्याला मी प्रयोग म्हणून तेलाऐवजी कार्नोबाचं मेण (गाडीच्या पॉलिशमधलं, ताडाच्या पानांचं) लावलं होतं. त्यात रंग तेवढा खुलत नाही आणि पावसाळ्यात दर महिना-दीड महिन्याने पुन्हा लावावं लागलं. पण बुरशी नाही, चिकटपणा नाही, पाणी थेंब होऊन घरंगळतं. फाळक्याच्या कोपऱ्यावर मॅट लॅकरचा स्प्रेही मारून बघितला. गणपतीपर्यंत खालच्या गंजाने तो उचलला आणि नखाने पापडासारखा निघाला. जिवंत गंजावर लॅकर म्हणजे पैसे पाण्यात.

हौद्याचं वेगळंच. त्याच्या कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं गुळाच्या चिकट्याने आणि मातीने बुजलेली होती. स्क्रूड्रायव्हरने ती मोकळी केली, त्या अर्ध्या तासाचा पत्र्याला जेवढा उपयोग झाला तेवढा तेलाच्या दोन हातांचाही झाला नसेल. हौद्यातल्या उघड्या गंजावर मात्र तेल मस्त बसलंय. तिथे रंगच नाही, चिकटलं तर चिकटलं.

फाळक्यावरचं 'हॉर्न ओके प्लीज'ही तेलाने ठसठशीत झालंय, ही एक नसती अडचण. २०१५ पासून महाराष्ट्रात ते लिहायला बंदी आहे. इतकी वर्षं ते कोणाला वाचताच येत नव्हतं.

दिवाळीनंतर उजवा दरवाजा आणि बॉनेट साबणाने धुऊन मेणावर आणलं. यापुढे रंगावर आणि अक्षरांवर मेण, गंजावर तेल, आणि तेही फक्त उन्हाळ्याच्या तोंडी. उरलेलं तेल अण्णांनी मला न विचारता झोपाळ्याच्या फळीला लावून टाकलं. तिथे ना चिकट, ना बुरशी.