नंबरपॅडवाला बिझनेस लॅपटॉप: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि कापसाचा हंगाम वापरून

कापसाची आवक ऐन भरात असताना माझ्या लॅपटॉपच्या नंबरपॅडवरचा एंटर बसला. मधला मोठा एंटर चालू होता, बाकी मशीन ठणठणीत. एका कळीवरून एवढं लांबलचक लिहायचं काय कारण, असं कोणालाही वाटेल. पण हा लॅपटॉप मी घेतलाच मुळी त्या एंटरसाठी.

माझं काम हिशेबाचं. हिंगणघाट तालुक्यातल्या जिनिंगवाल्यांचं (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचं), कृषी केंद्रांचं आणि एका लोखंड-सिमेंटच्या दुकानाचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी मी पाहतो. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या कापसावर नोंदणी असलेल्या खरेदीदाराला ५ टक्के कर आरसीएमने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायची पद्धत) स्वतः भरावा लागतो, म्हणून प्रत्येक गाडीची नोंद वेगळी आणि चोख लागते. वजन, भाव, कटती (कपात), हमाली, रक्कम, आणि प्रत्येक आकड्यानंतर एंटर. डावा हात काट्याच्या पावत्या उलटत असतो, उजवा नंबरपॅडवरून हलत नाही. त्या हाताचा अंगठा शून्यावर आणि करंगळी एंटरवर. ज्याने हे काम केलं त्यालाच कळेल.

जुनं मशीन सातव्या पिढीच्या प्रोसेसरचं होतं. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे माहीत होतं. म्हणून आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच, एप्रिलमध्ये, कंपनीच्या साइटवर एकेक पर्याय निवडून ऑर्डर टाकली. कंपनीचं नाव लिहीत नाही. यादी सगळ्यांची जवळपास सारखीच असते आणि भांडणंही सारखीच.

यादीतले पर्याय मी एकाच हिशेबाने निवडले. जे नंतर बदलता येत नाही त्यावर आत्ता पैसे, आणि जे स्क्रू-ड्रायव्हरने बदलता येतं ते सगळ्यात स्वस्त. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायचा भाग, नंतर बदलता येते, म्हणून २५६ जीबीचीच. प्रोसेसर बदलता येत नाही, पण टॅलीला आय-७ घातला काय नि आय-५ घातला काय, काहीच कळत नाही. तिथले पैसे वाचवले. रॅम (चालू कामाची मेमरी) मदरबोर्डवरच चिकटवलेली नको, दोन मोकळे स्लॉट हवेत, ही अट पक्की होती. पातळ, देखणी मॉडेलं इथेच बाद झाली. स्मार्ट कार्ड रीडर नावाचा एक पर्याय दिसतो, तो आपल्याकडे घेऊच नका. आपल्या डिजिटल सह्या यूएसबी टोकनमध्ये येतात, ते भोक आयुष्यभर रिकामं राहतं. सिम कार्डचा पर्याय मात्र ज्याला हवा त्याने फॅक्टरीतूनच घ्यावा, कारण त्याचा अँटेना स्क्रीनच्या झाकणात असतो आणि मागाहून बसवणं परवडत नाही. मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवतो. विंडोज प्रो घेतलं, कारण ऑफिसातलं मशीन घरून रिमोट डेस्कटॉपने उघडायचं तर होम चालत नाही.

आता नंबरपॅड. चौदा इंचीत तो मिळत नाही, साडेपंधरा-सोळा इंचीतच मिळतो. हिंगणघाटातला आमचा कॉम्प्युटरवाला मला समजावत होता, "भाऊ, चौदा इंची घेऊन घ्या ना, हलका राह्यते."

मी म्हटलं, "हलका घेऊन मले काय उडवाचा हाय?"

"मंग तीनशेचा यूएसबी नंबरपॅड लावून घ्या."

हा सल्ला मला आजवर ज्याने ज्याने दिला, त्याने एकही जमाखर्च स्वतः लिहिलेला नाही. तो सुटा पॅड टेबलावर सरकतो. एक यूएसबी पोर्ट खातो, आणि पोर्ट आधीच टोकन, प्रिंटर आणि पेनड्राइव्हमध्ये वाटलेले असतात. काही लॅपटॉपांवर त्याचा नम लॉक (आकड्यांच्या कळा चालू-बंद करणारी कळ) कीबोर्डच्या नम लॉकशी भांडतो आणि जे-के-एल दाबलं की १-२-३ उमटतात. बॅगेतून काढताना वायर अडकते ती वेगळीच. शिवाय सगळे नंबरपॅड सारखे नसतात. काही मॉडेलांत त्या कळा निमुळत्या करून कोपऱ्यात कोंबलेल्या असतात, शून्य एका कळीएवढंच, आणि वरचा बाण नंबरपॅडच्या हद्दीत घुसलेला. मी प्रत्येक मॉडेलच्या कीबोर्डचा फोटो मोठा करून पाहिला आणि मगच ठरवलं. प्रोसेसरची पिढी पाहायला त्याच्या निम्माही वेळ दिला नाही.

करासकट ७३,७५० रुपये पडले. त्यातले ११,२५० जीएसटीचे. ऑर्डर करताना जीएसटीआयएन (आपला जीएसटी नोंदणी क्रमांक) टाकला तर ते क्रेडिटमध्ये, म्हणजे भरायच्या करातून वजा होऊन, परत येतात. धंद्यासाठी घेऊन स्वतःच्या नावाने बिल करणारे लोक अजूनही भेटतात, त्यांना काय म्हणावं?

पहिला कस उन्हाळ्याने पाहिला. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास फिरतो आणि जिनिंगच्या ऑफिसवर टिनाचं छत. लॅपटॉपच्या कागदावर चालवायचं तापमान बहुतेक ३५ अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. दुपारी पंखा थांबायचं नाव घेत नव्हता आणि चार्जिंगला लावूनही बॅटरी भरत नव्हती. आधी वाटलं मशीनच बिघडलं. पण रात्री घरी कूलरसमोर ठेवलं की मुकाट भरायची. बॅटरी फार तापली की मशीन स्वतःच चार्जिंग रोखतं, लिथियमच्या बॅटरीसाठी ते बरंच आहे. तेव्हापासून दुपारचं काम सकाळी सहाला.

स्क्रीनसाठी यादीत मूळ २५० निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) पडदा होता आणि जास्तीचे पैसे दिले तर ४०० चा. मी ४०० चा घेतला. तेव्हा हे पैसे जिवावर आले होते, घरीही बोलणी खाल्ली. आता ते वसूल झाले असं वाटतं. जिनिंगच्या ऑफिसला समोरून शटर, शटरच्या बाहेर पांढऱ्या कापसाचा ढीग आणि त्यावर ऊन. तिथे २५० निट्सवर फक्त आपलं तोंड दिसतं. शेजारच्या दलालाचा लॅपटॉप बघा, तो सावलीला पाठ करून बसतो.

रॅमबाबत मात्र माझं मत बदललं. माझा सल्ला साधा होता: ८ जीबीची एकच स्टिक घ्या, दुसरी नंतर बाहेरून घाला, कंपनी दुप्पट लावते. मी पावसाळ्यात नागपूरला सीताबर्डीतून दुसरी ८ ची आणून घरीच बसवली. बिझनेस लॅपटॉपची एक गोष्ट मला मनापासून आवडते. तो कसा उघडायचा याचं पुस्तक कंपनी स्वतःच साइटवर ठेवते. स्टिक दोन हजारांच्या आसपास मिळाली होती. दिवाळीनंतर गावातल्या एका सीएससीवाल्याला (सरकारी ऑनलाइन सेवांचं केंद्र चालवणाऱ्याला) तोच सल्ला दिला, तर त्याला त्याच स्टिकचा भाव दुपटीहून जास्त सांगितला. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी ओढून घेतली, त्याची झळ थेट आमच्या तालुक्यापर्यंत. म्हणून आता ऑर्डर करणाऱ्यांनी कंपनीचा १६ चा भाव आणि बाजारातला स्टिकचा भाव त्याच दिवशी शेजारी ठेवून पाहावा. कधी कंपनीच स्वस्त निघेल. एसएसडीलाही आता तोच नियम.

सप्टेंबरचा महिना या मशीनने चांगला काढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, ठिबक-तुषार संच १२ वरून ५ टक्क्यांवर आले, आणि कृषी केंद्रांचे स्टॉक मास्टर एकेक करून दुरुस्त करावे लागले. नंबरपॅडने साथ दिली.

आणि मग हंगामात तो एंटर.

जिनिंगमध्ये कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगतच असतात. ते पंख्याच्या जाळीत जातात हे माहीत होतं, दर आठवड्याला ब्लोअर मारत होतो. कळीखाली जातील हे ध्यानात नव्हतं. एंटर आधी दोनदा उमटायला लागला, मग एकदाही नाही. मी तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी पैसे भरून घेतली होती, दुसऱ्या कामाच्या दिवशी माणूस दारात, असं लिहिलेलं. फोन लावला तर पलीकडची बाई हिंदीत म्हणते, आपका पिनकोड इस सर्विस में नहीं आता, मशीन नागपूर ले आइए. म्हणजे पैसे घेताना माझा पिनकोड चालला, माणूस पाठवताना नाही. नागपूर इथून पाऊणशे किलोमीटर. प्रश्न अंतराचा नव्हता. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरायचा आणि मशीन यांच्या काउंटरवर सोडून यायचं?

भांडलो. ऑर्डरच्या वेळी आलेला मेल, त्यातली वॉरंटीची ओळ आणि बिलावरचा माझा पत्ता असं सगळं जोडून लेखी तक्रार टाकली. फोनवर कितीही ओरडलं तरी काही हलत नाही, लेखी गेलं की वरचा माणूस फोन करतो. मग कळलं की वॉरंटीच्या बारीक अक्षरांत दूरच्या पिनकोडसाठी जास्तीचे दिवस लागू शकतात असं आहे, पण येणारच नाही असं कुठेच नाही. ऑर्डर करणाऱ्यांनी वॉरंटीचा पर्याय निवडण्याआधी आपल्या पिनकोडला नेमकं काय मिळतं ते मेलवर लेखी घ्यावं.

शेवटी माणूस आला. मुलगा हुशार होता, आमच्या यवतमाळकडचाच. नागपूरवाल्यांच्या वाटचं मी त्याला काहीच बोललो नाही, उलट चहा पाजला. त्याने सांगितलं की एक कळ सुटी मिळत नाही. या मॉडेलात कीबोर्ड वरच्या कव्हरलाच पक्का बसवलेला आहे, सगळं कव्हर बदलावं लागतं. त्याने खोकं उघडलं आणि आम्ही दोघेही पाहतच राहिलो. कव्हरला फिंगरप्रिंटची खाच नव्हती! मी ऑर्डर करताना फिंगरप्रिंट घेतला होता, आणि आलेला भाग तो न घेतलेल्या मशीनचा. नंबरपॅड मात्र होता, एवढं तरी बरं. पुन्हा पार्ट मागवला, पुन्हा वाट. तेवढे दिवस मी त्याच तीनशेच्या यूएसबी नंबरपॅडवर काम केलं, आणि त्याबद्दलचं माझं वर लिहिलेलं मत एका शब्दानेही बदललेलं नाही.

दुसऱ्यांदा बरोबर कव्हर आलं, अर्ध्या तासात बसलं, एक रुपया लागला नाही. कळा आता नव्या, आणि एंटर पहिल्यापेक्षा जरा कडकच आहे. खोलताना पंख्यातली कापसाची गादीही निघाली. एवढा ब्लोअर मारूनही. ऑर्डरच्या वेळचा पर्यायांचा पूर्ण कागद छापून ठेवा आणि तक्रार टाकताना सोबत जोडा. पार्ट पाठवणारा तेवढाच वाचतो.

आता राहिली बॅटरी. वॉरंटी तीन वर्षांची घेतली तरी बहुतेक कंपन्या बॅटरीला एकच वर्ष देतात, हे बिलावर ठळक कोणी लिहीत नाही. परवा विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. नवी होती तेव्हा ५७ वॅट-अवरची, आता पूर्ण भरून ४८ च्या आत-बाहेर. मेचा उन्हाळा तिने टिनाखाली काढला आहे, त्यामुळे फार आश्चर्य नाही. मार्चअखेरची धावपळ संपली की पुन्हा रिपोर्ट काढीन, आणि आकडा आणखी घसरला असेल तर एप्रिलमध्ये वर्ष भरायच्या आत तक्रार टाकीन. लेखी, पिनकोडसकट.