पंधरा-सोळा मुलांचा वर्ग: खारघरच्या एका छोट्या इंटरनॅशनल शाळेचा अनुभव

शाळेचं नाव लिहीत नाही. खाली कौतुक आहे तशा तक्रारीही आहेत, आणि शाळा इतकी लहान आहे की नाव दिलं तर कुठल्या बाईंबद्दल बोलतेय ते लगेच कळेल. केंब्रिज हे ब्रिटनचं बोर्ड, पहिली ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. आम्ही नेरूळला राहतो. मुलगा सहावीत तिथे गेला, आता सातवीत आहे. सोसायटीत आणि ऑफिसात विचारणारे बरेच भेटतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधीची शाळा वाईट नव्हती. मोठी, नावाजलेली, एका इयत्तेच्या सहा तुकड्या, वर्गात पन्नासच्या आसपास मुलं. पोराचं अक्षर लहानपणापासून वेडंवाकडं आणि लिहिण्याचा वेग कमी. तोंडी विचारलं तर धडाधड सांगायचा, पेपर मात्र निम्मा कोरा. प्रत्येक पालकसभेत एकच वाक्य ऐकून यायचो: घरी सराव करून घ्या. पाचवीत तपासणी करून घेतली तेव्हा डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यातली अध्ययन अक्षमता, निघाली. आता हे नीट सांगते, कारण लोकांचा गैरसमज असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि आपल्या राज्य मंडळातही दहावीला अशा मुलांना जादा वेळ मिळतो. म्हणजे सवलतीसाठी महागड्या शाळेत जायलाच पाहिजे असं अजिबात नाही. आमची अडचण वेगळी होती. पन्नास वह्या तपासणाऱ्या बाईंना एकाच पोराची वही रोज उघडून बघायला वेळ कुठून मिळणार?

नव्या शाळेत पहिल्या काही आठवड्यांत जे झालं ते फार साधं होतं. गणिताला चौकटीची वही दिली, म्हणजे एककाखाली एकक येतो आणि बेरीज नुसत्या अक्षरामुळे चुकत नाही. फळ्यावरून उतरवून घेणं बंद, त्याऐवजी छापील कागद. लांब उत्तरं लॅपटॉपवर टाइप करायची, छोटी हाताने लिहायची. चाचणीला पाव वेळ जास्त. यात खर्चिक असं काहीच नाही, पण हे सगळं ठरवायला स्पेशल एज्युकेटर, वर्गशिक्षिका आणि गणिताचे सर एकत्र बसले होते, आणि आम्हालाही बोलावलं होतं. स्पेशल एज्युकेटर रोज नसतात, आठवड्यातून ठरावीक दिवस येतात. माहितीपत्रकात ते लिहिलेलं नव्हतं, विचारल्यावर कळलं.

एक गोष्ट तिथेच पहिल्यांदा समजली. केंब्रिजच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लॅपटॉप हवा असेल तर शाळा आधी अर्ज करते, आणि मूल वर्गात एरवीही तसंच काम करतं का हे त्यात बघितलं जातं. दहावीच्या तोंडावर अहवाल आणून भागत नाही. त्यामुळे ज्यांच्या मुलांना अशी अडचण आहे त्यांनी सहावी-सातवीतच कागद करून घ्यावेत.

पहिली सहामाही तो घरी फारसं बोलायचा नाही. सासूबाईंचं म्हणणं, एवढे पैसे भरून पोराला टायसुद्धा नाही, ही कसली शाळा! (गणवेश म्हणजे टी-शर्ट आणि ट्रॅक पॅण्ट, धुवायला सोपं, माझी तक्रार नाही.) दिवाळीनंतर हळूहळू वर्गातली नावं यायला लागली. कोण बहारीनहून परत आलाय, कोणाला मांजराची ॲलर्जी आहे, कोण डब्यात रोज थालीपीठ आणते. जुन्या शाळेत त्याला बाकावरच्या दोघांपलीकडे कोणी माहीत नव्हतं. वर्गातली बहुतेक मुलं खारघर, बेलापूर, पनवेलचीच आहेत, दोन-तीन आखातातून परतलेली. 'इंटरनॅशनल' म्हणजे वर्गात देशोदेशीची पोरं, असं डोक्यात असेल तर काढून टाका. अभ्यासक्रम बाहेरचा आहे, एवढंच. नुसतं नावात इंटरनॅशनल लावलेल्या शाळाही आपल्याकडे भरपूर आहेत. केंब्रिज किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, दुसरं आंतरराष्ट्रीय बोर्ड) यांच्या संकेतस्थळावर शाळा शोधून मान्यता खरोखर आहे का ते पाहता येतं, पाच मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात चांगला अनुभव कुठला म्हणाल तर ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह्ज या विषयाचा. सुरुवातीला मला ते थोतांड वाटलं होतं. यात एक प्रश्न निवडायचा, त्यावर वेगवेगळ्या लोकांची बाजू शोधायची, कोणाच्या म्हणण्यात किती दम आहे ते तपासायचं आणि मग आपलं मत मांडायचं. त्यांच्या गटाने नेरूळच्या डीपीएस तळ्यातले फ्लेमिंगो घेतले. तळ्यात खाडीचं भरतीचं पाणी आत-बाहेर व्हावं लागतं, ते अडलं की पक्ष्यांचं खाणंच संपतं, आणि २०२४ मध्ये यावरून बरीच ओरड झाली होती. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, पुढे २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाला, पण हे तळं त्या हद्दीबाहेर. मग पक्षी उडून हद्द बघतात का, हा आमच्या चिरंजीवांचा प्रश्न. शाळेने मुलांना ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात नेलं, तिथे तिवरांमधला फेरफटकाही झाला.

पण खरी मजा सारसोळ्याच्या कोळीवाड्यात आली. गटातल्या चौघांपैकी सफाईने मराठी बोलणारा हा एकटा. त्यामुळे एरवी गटात शेवटच्या खुर्चीत बसणारा मुलगा अचानक मुख्य माणूस झाला. तिथल्या एका आजींनी त्याला खाडीतली मासळी कशी कमी झाली ते तासभर सांगितलं, आणि शेवटी 'तुमचे पक्षी दिसतात, आमची जाळी दिसत नाहीत' असंही सुनावलं. त्याने ते जसंच्या तसं अहवालात टाकलं, इंग्रजीत करून. बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि पुढचा अर्धा तास वर्गात त्यावरच चर्चा झाली म्हणे. पंधरा मुलांच्या वर्गात हे होऊ शकतं, कारण अभ्यासक्रम पुरा करायची घाई असली तरी एका मुलाच्या एका वाक्यावर थांबायला जागा असते.

मराठीचा तास मात्र निराशा करतो. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीची आहे, त्यामुळे विषय आहे, पुस्तक आहे, बाईही चांगल्या आहेत. पण वर्गात निम्म्यांना मुळाक्षरांपासून शिकवावं लागतं आणि ज्याला येतं तो कंटाळून खिडकीबाहेर बघतो. घरी वाचन आम्हीच घेतो.

आता लहान असण्याची दुसरी बाजू. वर्गात चार मुलांचं एक टोळकं होतं, क्रिकेटवाल्यांचं. त्यांनी याला बाजूला टाकलं. मोठ्या शाळेत तुकडी बदलून मिळते, निदान दुसरे मित्र शोधता येतात. इथे तेच सोळा चेहरे, तीच बस, तीच डब्याची वेळ. लहान गावासारखं, भांडण झालं तरी सकाळी पाणवठ्यावर भेटणारच. समुपदेशक बाईंनी प्रयत्न केले, जेवणाला गट बदलून बसवलं, दोन्हीकडच्या पालकांशी बोलल्या. मिटलं, पण पूर्ण सत्र त्यात गेलं, आणि त्या काळात सकाळी पोटात दुखण्याचं प्रमाण वाढलं होतं. शाळा आधार देणारी आहे याचा अर्थ मुलं भांडत नाहीत असा नाही. फोन केला की उत्तर मिळतं, असा आहे.

सहावीत असताना विज्ञानाच्या मॅडम वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या. तीन इयत्तांना त्या एकट्याच विज्ञान शिकवत होत्या. नवीन शिक्षक येईपर्यंत कधी गणिताचे सर, कधी प्राचार्य स्वतः, कधी नुसतं कार्यपत्रक. याबद्दल शाळेने आधी पालकांना कळवलं नाही, मुलांकडून कळलं. हे मला खटकलं आणि मी तसं लेखी दिलं.

मैदान म्हणजे बास्केटबॉलचं एक कोर्ट आणि कडेला थोडी मोकळी जागा. क्रिकेटसाठी भाड्याच्या टर्फवर नेतात, तेही पावसाळ्यात बंद. खेळाची आवड असलेल्या मुलांनी संध्याकाळचा वेगळा क्लास लावायची तयारी ठेवावी. बस बेलापूरमार्गे येते आणि पावसात सायन-पनवेल महामार्गावर अडकते.

फीचा आकडा सांगत नाही, दरवर्षी बदलतो आणि प्रत्येकाचं 'परवडतं' वेगळं असतं. इतकंच सांगते की बस, पुस्तकं आणि बोर्डाच्या परीक्षांचं शुल्क वेगळं पडतं. २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर फीवाढ ठेवावी लागते आणि समितीवर पालक चिठ्ठी टाकून निवडतात. माझी चिठ्ठी निघाली. बैठकीत हिशेबाचे कागद मागितले तर थोडी कुरकुर झाली, पण मिळाले. नाव आलं तर टाळू नका.

नववी-दहावीचं काय, हा आमच्या घरातला सध्याचा विषय. आमच्या मजल्यावरच्या ताईंची मुलगी याच शाळेत दहावीत आहे. तिला आर्ट अँड डिझाइन घ्यायचं होतं, पण मुलं पुरेशी नाहीत म्हणून तो विषय उघडलाच नाही. शेवटी बिझनेस स्टडीज घेतलं आणि चित्रकला वाशीच्या क्लासला. छोट्या शाळेत आयजीसीएसईच्या, म्हणजे केंब्रिजच्या दहावीच्या परीक्षेच्या, विषयांची यादी कागदावर लांब आणि वेळापत्रकात आखूड असते. शिवाय गणितासारख्या विषयात कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन स्तर असतात, कोअरला बसलं तर जास्तीत जास्त सी श्रेणी मिळते. कमी आत्मविश्वासाच्या मुलाला 'सोपं पडेल' म्हणून कोअरला बसवण्याकडे कल असतो. पुढे विज्ञान शाखेला जायचं असेल तर हे आठवीतच विचारून घ्या. परीक्षा मार्च सत्रात घेतात की नाही हेही बघा. मार्चचा निकाल मे महिन्यात लागतो, जूनच्या सत्राचा ऑगस्टमध्ये, आणि तोवर आपल्याकडची अकरावीची प्रवेशप्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते. ताईंच्या मुलीचा मार्चच आहे. तिचं शाळेबद्दलचं मत चांगलं आहे बरं का, बाई घरी बोलावून शंका सोडवतात म्हणते, फक्त चित्रांचं नाव काढलं की गप्प होते.

ज्याचं मूल गर्दीत बुजतं, मागे पडतं, ज्याच्या वहीकडे कोणीतरी बघायला हवं, त्याने सहावी ते आठवीसाठी अशी शाळा जरूर बघावी. जे मूल मोठ्या मैदानात, मोठ्या स्पर्धेत खुलतं त्याला इथे गुदमरायला होईल, माझ्या भाच्याला मी इथे घालणार नाही. आठवीच्या शेवटी चेकपॉइंट परीक्षा असते, इंग्रजी, गणित, विज्ञान, पेपर केंब्रिजकडे तपासायला जातात, त्यामुळे मुलाची खरी पातळी शाळेच्या बाहेरून कळते. तोपर्यंत हा इथेच राहील. नववीसाठी विषयांची यादी नाही, वेळापत्रक मागितलंय. ते आलं की ठरवू.